श्रद्धा, महत्त्वाकांक्षा आणि चालू खाते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे, तोंडावर आला आहे. वसई पट्ट्यातल्या बेकऱ्या, केटरर, मंडपवाले, शिंपी आणि घरच्या घरी केक आणि कुस्वार (नाताळचा फराळ) करून विकणाऱ्या बायका यांचा वर्षातला सर्वांत मोठा हंगाम हाच. आणि याच चार आठवड्यांत चर्चमध्ये सांगितले जाते की जरा थांबा, मन आवरा, प्रभूची वाट पाहा. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने एकाच वेळी करायच्या असतात. शाळा, रुग्णालय, बँक, आखात, जहाज हा मळलेला रस्ता सोडून धंद्यात उतरलेली ख्रिस्ती मुले-मुली आज बहुतेक धर्मग्रामांत (एकेका चर्चच्या हद्दीत) आहेत. लहान उद्योगांचे हिशेब लिहिण्या-तपासण्याच्या कामात जे सतत डोळ्यांसमोर येते, त्यावरून हे पत्र लिहीत आहे.

या तरुणांच्या कानावर दोन प्रकारची प्रवचने पडतात. एकात उंट आणि सुईचे नाक असते: श्रीमंताने स्वर्गात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणे सोपे. हातात पैसा खेळू लागला की माणूस देवापासून लांब गेला, असे धरूनच चाललेले असते. दुसऱ्या प्रकारात, विशेषतः मोठमोठ्या प्रार्थनासभांत, पैसा हाच आशीर्वादाचा पुरावा ठरतो आणि आज पेराल तर अनेक पटींनी मिळेल, असे सांगून लोकांचे खेळते भांडवल दानपेटीत टाकायला लावले जाते. पहिल्याने माणूस कानकोंडा होतो, दुसऱ्याने कर्जबाजारी. सोमवारी दुकान उघडल्यावर पगाराचे, उधारीचे, कराचे काय करायचे, हे दोन्हींत येत नाही. माझे म्हणणे असे की श्रद्धा आणि महत्त्वाकांक्षा यांचा मेळ ऐन पेचाच्या वेळी मन घट्ट करून घालता येत नाही. त्याचे नियम आधीच, डोके थंड असताना, आकड्यांत लिहून ठेवावे लागतात.

महत्त्वाकांक्षेला बायबल घाबरत नाही. मत्तयच्या २५व्या अध्यायात बोल लागतो तो मिळालेले धन जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासाला. व्यापार करून ते दुप्पट करणाऱ्यांना शाबासकी मिळते. प्रेषित पौल तंबू करून पोट भरत असे. फिलिप्पै नगरात त्याचे म्हणणे मनावर घेणारी लुदिया जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी बाई होती. बुरूज बांधायला निघालेल्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हे लूकच्या १४व्या अध्यायात प्रभू येशूच सांगतो. तेव्हा वाढावेसे वाटणे याबद्दल कोणाला अपराधी वाटायचे कारण नाही. प्रश्न हिशेबाचा आहे.

सर्वांत जास्त घोळ दशमांशात, म्हणजे दहावा हिस्सा चर्चला देण्यात होतो. कॅथॉलिक ख्रिस्तसभेत दहा टक्क्यांची सक्ती नाही. ऐपतीप्रमाणे ख्रिस्तसभेच्या गरजांना हातभार लावावा, एवढेच बंधन आहे. पेंटेकॉस्टल आणि इतर काही मंडळ्यांत मात्र दशमांश ठासून सांगितला जातो. पण दहावा हिस्सा कशाचा, हे कोणी सांगत नाही. पगारदाराला तो प्रश्न पडत नाही. धंदेवाला मात्र गल्ल्यात आलेल्या पैशाचाच दहावा भाग काढून मोकळा होतो.

एक लहान बेकरी धरा. जीएसटी वगळून महिन्याची विक्री ६,००,००० रुपये. मैदा, लोणी, अंडी, साखर, सुका मेवा मिळून ३,००,०००. मजुरी १,२०,०००. भाडे, वीज, गॅस ७०,०००. पॅकिंग आणि पोचवणी ४०,०००. उरले ७०,०००. त्यातून कर्जाचे व्याज १४,००० आणि भट्टी-मिक्सरची झीज १०,००० वजा केली की नफा ४६,००० राहतो, आणि मालकाचे घर यातच चालायचे असते. विक्रीवर दशमांश काढला तर तो होतो ६०,०००, म्हणजे नफ्याहूनही जास्त. तरी चार-पाच महिने हे खपून जाते, कारण तेवढ्या काळात मैदावाल्याची उधारी फुगत असते आणि रोजच्या गल्ल्यावरून ते कळत नाही. मग एक दिवस मैदावाला उधार बंद करतो, माल रोखीने आणि चढ्या दराने घ्यावा लागतो, आणि मालक म्हणतो की देव परीक्षा पाहतो आहे. देवाचा इथे काही संबंध नसतो. वजाबाकी चुकलेली असते.

यावर पद्धत सोपी आहे. मालकाने स्वतःला ठरावीक पगार लावून घ्यावा. वरच्या उदाहरणात ३०,००० धरू. त्याचा दशमांश ३,००० दर महिन्याला द्यावा. उरलेले १६,००० धंद्यातच ठेवावेत, कारण कर्जाची मुद्दल फेडायची ती यातून आणि झिजेपोटी बाजूला काढलेल्या रकमेतूनच. वर्षअखेरीस ताळेबंद झाला, कर भरला, की शिल्लक नफ्यावरचा दशमांश एकरकमी काढावा. तोट्याच्या वर्षी पगारावरचा तेवढाच. आणि पैसे चालू खात्यातून परस्पर चर्चला पाठवू नयेत. आधी उचल म्हणून आपल्या बचत खात्यात घ्यावेत आणि तिथून द्यावेत. चालू खात्यातून गेलेले दान वर्षअखेरीस ‘जाहिरात’ नाहीतर ‘किरकोळ खर्च’ या नावाखाली दडपले जाते, म्हणजे देवाला दिल्याचे समाधान आणि करात चोरी, असे दोन्ही एकाच नोंदीत बसते. देणगीवर मिळणाऱ्या आयकर सवलतीवरही फार भरवसा ठेवू नये. निव्वळ धार्मिक कामासाठी दिलेल्या देणगीला ती सहसा लागू नाही, २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला नाही आणि नव्या करप्रणालीत तर नाहीच. संस्थेच्या शाळेला किंवा दवाखान्याला दिले असेल, तर त्या न्यासाची नोंदणी आणि पावती पाहूनच दावा करावा.

दुसरी गोष्ट परक्या पैशाची. गिऱ्हाइकाकडून घेतलेला जीएसटी, कामगाराच्या पगारातून कापलेला भविष्य निर्वाह निधी आणि उगमापाशी कापलेला कर (टीडीएस) हे मालकाचे पैसे नाहीत, ते त्याच्याकडे अमानत आहेत. तरीही हंगामाच्या आधी माल भरायला पहिला हात यांनाच लागतो. ऑक्टोबरात बेदाणे, काजू, चेरी यांची खरेदी याच पैशातून होते आणि ‘नाताळ झाला की भरून टाकू’ असे ठरते. जीएसटीवर १८ टक्के दराने व्याज चढते, ते एक वेळ परवडेल. पण कामगाराच्या पगारातून कापून न भरलेला निधी हा कायद्याने फौजदारी विश्वासघात ठरतो. ‘चोरी करू नको’ ही आज्ञा पाठ असलेला माणूस यात सापडतो तो लबाडीने नव्हे, सगळा पैसा एकाच खात्यात ठेवल्यामुळे. त्याच बँकेत दुसरे खाते उघडावे आणि दर शनिवारी आठवड्याच्या विक्रीतला कराचा आणि निधीचा भाग तिकडे वळवावा. त्या खात्याचे डेबिट कार्ड काढूच नये. टीडीएस ७ तारखेला, निधी आणि कामगार राज्य विमा १५ तारखेला, मासिक जीएसटी विवरणपत्र २० तारखेला; पैसे त्या खात्यातून जातील.

मजुरी ७ तारखेच्या आत, हे कायदाही सांगतो. मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यावी, असे बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात आहे, आणि याकोबाच्या पत्रात अडवलेली मजुरी ओरडते आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये लिहिलेल्या परिपत्रकात न्याय्य वेतनाचा आग्रह आहे. एवढे सगळे असूनही ख्रिस्ती मालकाकडे एक खोड दिसते: आपल्याच धर्मग्रामातल्या गरजू मुलाला कामावर घ्यायचे आणि ‘आपण याला आधार दिला’ म्हणून बाजारापेक्षा कमी पगार द्यायचा. ज्याला मदत करायची त्याला पूर्ण पगार द्यावा आणि मदत वेगळी करावी. कामावरचे हिंदू, मुसलमान कामगार यांचाही विचार हवा. सकाळी दुकान उघडताना मालकाने प्रार्थना जरूर करावी, पण त्यात कामगारांना उभे करू नये. पगार देणाऱ्याने बोलावल्यावर नाही म्हणायची मोकळीक त्यांना नसते. गणपतीला, ईदला, दिवाळीला त्यांची सुट्टी आपल्या नाताळाएवढीच पक्की धरावी.

पुरवठादारांच्या बाबतीत कायदा आता कडक आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली तर लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागते, आणि २०२३ साली आयकरात घातलेल्या तरतुदीमुळे त्या मालाचा खर्च पैसे प्रत्यक्ष दिलेल्या वर्षीच वजा मिळतो. मात्र व्यापाऱ्यांना या तरतुदीचा लाभ नाही. म्हणजे डबे करून देणारा कारखानदार सुरक्षित आहे. अंडी आणून देणारा, आगाशीहून भाजी आणि केळी आणून देणारी बाई यांना तिथे दाद नाही. म्हणून देणी चुकती करताना यादीत आधी त्यांची नावे यावीत. ज्याला आपल्याविरुद्ध काही करता येत नाही त्याचे पैसे आपण किती दिवस थकवतो, हे खतावणीत दिसते. मनाची झाडाझडती घ्यायला त्यासारखा कागद नाही.

आता हंगामाच्या मुळाशी येतो. २४ डिसेंबरच्या रात्री भट्टी पेटलेली, पोरे पिठाने माखलेली आणि मध्यरात्रीच्या मिस्सेची (चर्चमधल्या उपासनेची) घंटा वाजते आहे, हा पेच त्या रात्री सुटत नसतो. तो ऑक्टोबरातल्या ऑर्डरच्या वहीत तयार होतो. एका वेळी किलोचे १२ प्लम केक बसतील अशी भट्टी असेल आणि भरणे, मंद आचेवर भाजणे, काढणे मिळून एक फेरी दोन तासांची होत असेल, तर बारा तासांत ६ फेऱ्या, म्हणजे ७२ केक. वीज जाते, एखादी फेरी मधून कच्ची राहते, म्हणून ६५च धरावेत. १३ ते २२ डिसेंबर असे दहा दिवस भाजायचे ठरवले तर ६५० केक. वहीत ६५१वा केक लिहायचा नाही. २३ तारीख पोचवणीची, २४ला दुपारी दोनला शटर खाली. पैशांची निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी, म्हणजे सुक्या मेव्यासाठी कराच्या खात्याला हात लावायची वेळ येत नाही आणि ऑर्डर देऊन न फिरकणारेही कमी होतात. हजार केकची मागणी येत असेल तर दर वाढवावा किंवा पुढच्या वर्षासाठी दुसरी भट्टी घ्यावी, पण याच डिसेंबरात कामगारांच्या झोपेतून आणि मिस्सेतून ते ३५० काढू नयेत. जादा फेऱ्यांत केक कच्चा निघतो तो याच आठवड्यात, आणि नाव खराब होते ते पुढच्या नाताळापर्यंत पुरते.

रविवारचे तसेच. महाराष्ट्रात दुकान आठवड्याचे सातही दिवस उघडे ठेवता येते, कामगाराला एक दिवस सुट्टी दिली की झाले. प्रवचनात ‘रविवारी बंद ठेवा’ म्हणणे सोपे आहे, पण वरच्या बेकरीची रविवारची विक्री ३५,००० असेल तर महिन्याची झाली १,४०,०००. माल आणि पॅकिंग-पोचवणी वजा जाता त्यातले साधारण ६०,००० उरतात. निम्मे गिऱ्हाईक शनिवारी वळले असे धरले तरी ३०,००० जातात, आणि नफा आहे ४६,०००. एका फटक्यात हे करणाऱ्याचे दुकान सहा महिन्यांत आठवडाभर बंद राहायची वेळ येऊ शकते. म्हणून टप्प्याने जावे. आधी शनिवारी संध्याकाळी खास माल आणि आगाऊ ऑर्डर सुरू करून गिऱ्हाईक वळवावे. तीन महिन्यांचे आकडे पाहावेत. मग रविवारी दुपारनंतर बंद, आणि शनिवारची भर निदान वीस हजारांवर गेली की पूर्ण बंद. पाव-बटराचा धंदा पहाटेच संपतो, त्याला अर्धा रविवार लगेच जमतो. केटररला रविवार सोडणे जवळपास अशक्य, कारण लग्ने आणि ख्रिस्तविधी त्याच दिवशी असतात. त्याने शनिवार संध्याकाळची मिस्सा धरावी, ती रविवारची म्हणून ग्राह्य आहे, आणि सोमवार खरोखर सुट्टीचा ठेवावा: फोन बंद, बाजारहाट नाही. प्रोटेस्टंट मंडळ्यांत शनिवारच्या उपासनेची सोय क्वचितच असते. तिथे पाळकांशी बोलून मार्ग काढावा लागतो. विश्रांतीचा दिवस ज्याच्या आठवड्यात नाही, त्याचे निर्णय बिघडू लागलेले वर्षभरात वह्यांतून दिसतात. दर तेच राहतात, उधारी वाढते, विमा भरायचा राहून जातो.

सर्वांत मोठे नुकसान मात्र ‘आपलीच माणसे’ या भरवशावर होते. प्रार्थना गटातल्या दोघांनी मिळून धंदा काढला, एकाने पैसे घातले, दुसऱ्याने मेहनत, आणि कागद केला नाही. कागद मागणे म्हणजे अविश्वास असे दोघांनाही वाटले. भांडण होते ते वाईट काळात कमी, बरकत आल्यावर जास्त. भागीदारी पत्रात भांडवल, नफ्याचा वाटा, कोणाची किती उचल, कोणत्या रकमेवर दोघांची सही आणि एक जण बाहेर पडला तर मोजदाद कशी, एवढे तरी असावे आणि पत्र नोंदवावे. नोंदणी नसलेल्या भागीदारीला येणी वसूल करायला दावा लावता येत नाही. त्याच गटांतून साखळी योजनाही फिरतात: पावडर, पाण्याचे यंत्र, आता मोबाइलवरची गुंतवणूक. बोलावणारा ओळखीचा, सुरुवात प्रार्थनेने, म्हणून संशय येत नाही. ओळखायची खूण एकच आहे. कमाई बाहेरच्या गिऱ्हाइकाला माल विकून होते की नवे सदस्य आणून? दुसरे असेल तर १९७८च्या कायद्याने तसल्या योजनांवर बंदी आहे, २०२१च्या थेट विक्री नियमांनीही आहे. आणि नोंदणीवाचून लोकांच्या ठेवी घेणाऱ्यांसाठी २०१९चा वेगळा कायदा आहे. धर्मगुरूंनी आणि पाळकांनी चर्चच्या आवारात असल्या सभांना जागाच देऊ नये. ‘आपला सदस्य आहे’ म्हणून दिलेल्या दोन खुर्च्यांची किंमत पुढे विधवांच्या ठेवींनी मोजावी लागते.

चहापाण्याबद्दलही लिहिले पाहिजे, कारण हा प्रश्न तरुण मंडळी हमखास विचारतात. २०१८च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे. नाइलाजाने द्यावी लागली तर सात दिवसांत कळवणाऱ्याला सूट आहे. पण त्याआधीची गोष्ट अशी की पुष्कळदा लाच जाते ती कायदा माहीत नसल्यामुळे. कामगार थोडे असले तर दुकानाची फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. लोक त्यासाठी दलालाला हजारो देतात. २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे आणि उशिराबद्दल अपील करता येते. परवान्यासाठी वेळापत्रकात दोन महिने जास्त धरले तर टेबलाखालून द्यायची घाई राहत नाही. घाई झालेल्या माणसाकडूनच पैसे मागितले जातात.

वाढायचे कधी, हा पुढचा प्रश्न. दुसरी शाखा काढण्याआधी तीन गोष्टी कागदावर दिसायला हव्यात: तीन महिन्यांच्या पगार-भाड्याएवढी रोकड बाजूला, जुन्या कर्जाचे सलग बारा हप्ते वेळेवर, आणि मालक नसताना दुकान पंधरा दिवस नीट चालते याचा पुरावा. तिसऱ्यासाठी एक चांगली संधी ख्रिस्ती माणसाकडे आयतीच आहे. बेकरीला जुलै-ऑगस्ट मंद असतो. तेव्हा मालकाने चार दिवस रिट्रीटला (एकांतातल्या प्रार्थना-शिबिराला) जावे, फोन कार्यालयात जमा करून. परत आल्यावर वही पाहावी. पाव कमी पडले का, उधार कोणी दिले, गल्ला जुळला का? जे बिघडले ते शिकवायचे राहिलेले काम. पुढच्या वर्षी आठ दिवस जावे. आत्म्याची मशागत आणि हाताखालच्यांवर काम सोपवायची शिस्त दोन्ही यात साधतात, आणि ज्याला चार दिवसही निघता येत नाही त्याने दुसऱ्या शाखेचे भाडे भरू नये.

निर्णयासाठी जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेली रीत आजही धंद्याला चोख लागू पडते. मन उदास, कोरडे, अस्वस्थ असताना आधीचा ठराव बदलू नये, असे ते सांगतात. धंदा विकण्याचा, भागीदार तोडण्याचा, भरमसाट कर्ज काढण्याचा विचार बहुधा अशाच आठवड्यात येतो. दुसरे, दोन्ही पर्यायांचे फायदे-तोटे वेगवेगळे लिहायचे, आणि ज्याला कधी पाहिले नाही अशा एखाद्याने हाच प्रश्न विचारला तर त्याला काय सल्ला देऊ, ते पाहायचे. रात्रीच्या आत्मपरीक्षणात दिवसभराच्या तीन व्यवहारांची भर घालावी: आज कोणाला खरा भाव सांगितला नाही, कोणावर आवाज चढवला, कोणाचे पैसे असून दिले नाहीत. दहा मिनिटे पुरतात.

कर्ज काढताना अल्पसंख्याक म्हणून पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमासारख्या योजनेत स्वतःचा हिस्सा ५ टक्के आणि अनुदान ग्रामीण भागात ३५, शहरात २५ टक्के असते, हे अनेकांना ठाऊक नसते. मात्र ते अनुदान तीन वर्षे बँकेत अडकून राहते. ते हातात येईल असे धरून यंत्रे घेणारे पहिल्याच वर्षी अडचणीत येतात. भावाच्या, मेहुण्याच्या कर्जाला जामीन राहताना बायबलातल्या नीतिसूत्रांचा ६वा अध्याय वाचावा आणि मगच सही करावी. आपल्याकडे जामीन ही नात्याची परीक्षा समजली जाते. बँकेच्या लेखी जामीनदार हा कर्जदारच असतो.

महत्त्वाकांक्षेला मर्यादा घालणे म्हणजे धंदा लहान ठेवणे नव्हे. स्वित्झर्लंडच्या बासेल मिशनने १८५९ साली व्यापारासाठी स्वतंत्र कंपनी काढली, कारण धर्मांतरानंतर पोटापाण्याचा धंदा गेलेल्यांना काम हवे होते. १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना निघाला, आणि तीच कौले कोकणातल्या घरांवर पोचली. स्पेनच्या बास्क प्रांतात मोंद्रागोन या गावी १९४१ साली आलेल्या फादर आरिझमेंदियारिएता यांनी आधी तंत्रशाळा काढली. तिथल्या पाच मुलांनी १९५६ साली रॉकेलच्या स्टोव्हपासून सहकारी कारखाना सुरू केला. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त पगारातले अंतर सुरुवातीलाच १:३ असे बांधून घेतले, पुढे ते सैल होत साधारण १:६ झाले. समूह प्रचंड वाढला. त्याचीच एक मोठी कंपनी २०१३ साली कर्जाखाली बुडाली, तेव्हा अनेक कामगारांना समूहातल्या दुसऱ्या कारखान्यांत सामावून घेतले गेले. मर्यादा आधी लिहिलेली होती म्हणून पडतानाही ती माणसांच्या कामी आली. आपल्याकडच्या दहा कामगारांच्या कारखान्यातही मालकाची उचल सर्वांत कमी पगाराच्या अमुक पटीवर जाणार नाही, हे आज लिहिता येते; तीस कामगार झाल्यावर लिहायला हात होत नाही.

घराबद्दल दोन गोष्टी राहिल्या. ख्रिस्ती माणसाला हिंदू अविभक्त कुटुंबाची करसवलत नाही. मित्राने केले म्हणून तसले खाते उघडायला जाऊ नये. आणि मृत्युपत्र न करता मालक गेला तर १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलामुलींना समान. धंदा एकट्याच्या नावावर असेल तर भट्टी, उधारी, दुकानाची अनामत सगळे या वाट्यांत येते आणि चालता धंदा चार नातलगांच्या सह्यांवर अडून बसतो. गोव्यात विवाहानंतरची मालमत्ता बहुधा पती-पत्नीची सामाईक असते आणि धंद्याचे उत्पन्नही आयकरात दोघांत विभागले जाते, म्हणून तिथे जोडीदाराला विचारल्यावाचून पान हलत नाही. इकडच्या मालकांनीही महिन्यातून एकदा नफा-तोटा पत्रक जोडीदारापुढे ठेवावे. घरी किती देणे आहे हे बायकोला बँकेच्या नोटिशीवरून कळावे, हे कोणत्याही प्रवचनात बसत नाही.

धर्मप्रांताला आणि सर्व मंडळ्यांच्या पाळकांना माझी विनंती आहे. रांचीकडे कॅथॉलिक मिशनने १९०९ साली पतसंस्था काढली, वसईत बेसिन कॅथॉलिक सहकारी बँक १९१८ साली उभी राहिली. त्या पिढीला सावकाराच्या पाशातून माणूस सोडवणे हे श्रद्धेचेच काम वाटले. आज गरज हिशेबाच्या सल्ल्याची आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर दोन तास सभागृहात एक टेबल मांडावे; एक लेखापाल, एक निवृत्त बँक अधिकारी आणि एक वकील बसवावा. धर्मग्रामातच अशी माणसे आहेत आणि त्यांना कोणी बोलावत नाही. फी घेऊ नये, आणि तिथे कोणी विमा किंवा योजना विकू नये. येणाऱ्याने चालू खात्याचा सहा महिन्यांचा उतारा, कोणाचे किती देणे आहे त्याची तारखांसह यादी आणि पगाराची वही आणावी. डिसेंबरात कोणाला सवड नाही, म्हणून जानेवारीपासून सुरू करता येईल. आपल्या वृत्तपत्राच्या वसई-पालघर पानावर ७, १५ आणि २० तारखेच्या भरण्याची चौकट दर महिन्याला छापली, तर चर्चबाहेरच्या लहान दुकानदारांनाही तिचा उपयोग होईल.

आपला नम्र,
एक लेखापाल, वसई